ट्रिगर बदलण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात बालेवाडीला सात वर्षं दहा मीटर एअर पिस्तूल केलं, आता ग्रीन कार्ड मिळून अटलांटात स्थायिक, वर्षभर यूएसपीएसएच्या, म्हणजे धावत-पळत टार्गेटांवर घड्याळाविरुद्ध गोळ्या मारण्याच्या खेळाच्या अमेरिकी संघटनेच्या, स्थानिक मॅच खेळताय. पिस्तूल सीझेड शॅडो २, वर लाल डॉट (ठिपका दाखवणारी काच), डिव्हिजन म्हणजे पिस्तुलांचा गट कॅरी ऑप्टिक्स. गोळ्या जवळजवळ सगळ्या टार्गेटच्या मधल्या 'ए' भागात लागतात, तरी निकालात नाव खालून शोधावं लागतं. पहिली गोळी मात्र वारंवार खाली आणि डावीकडे जाते. ट्रिगर जॉब, म्हणजे ट्रिगर हलका करण्याचं काम, करून घ्यावा का, आणि स्प्रिंगा कोणत्या टाकाव्यात?

मी डॅलसजवळ राहतो, चौदा वर्षं हा खेळ खेळतोय, त्यातली चार 'ए' क्लासमध्येच (ही खेळाडूंची श्रेणी, टार्गेटवरचा 'ए' नव्हे) रुतून काढली. त्या चार वर्षांत मी पिस्तुलाला काय काय जोडलं याची यादी बायकोकडे आहे, किमतींसकट. तेव्हा ट्रिगरचं सांगेनच, पण त्याआधी तुम्ही पाठवलेल्या निकालातली एकच ओळ घेऊ.

स्टेज, म्हणजे मॅचमधली टार्गेटांची एक मांडणी, ३२ गोळ्यांची, म्हणजे १६० गुणांची. तुम्ही १५८ गुण मिळवलेत, ३१ सेकंदांत. फक्त एक 'सी', म्हणजे 'ए'च्या बाहेरचा भाग. जिंकणाऱ्याने १४४ गुण घेतले, म्हणजे त्याचे तब्बल आठ 'सी' आहेत. बालेवाडीत हा माणूस तुमच्यापुढे उभाही राहिला नसता. पण त्याला लागले साडेएकवीस सेकंद. आपल्याकडे गुण भागिले वेळ, तो हिट फॅक्टर. तुमचा ५.१०, त्याचा ६.७०. त्याला स्टेजचे पूर्ण १६० मिळाले, तुम्हाला ७६ टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे १२२. तुम्ही १४ गुण जास्त मारून ३८ गुणांनी हरलात. यात ट्रिगरचा काय संबंध?

ह्या भागाकारातून अजून एक गोष्ट काढता येते, जी मला फार उशिरा कळली. मायनर पॉवर फॅक्टरला (म्हणजे आपल्यासारख्या कमी ताकदीच्या गोळीला, हिशेब पुढे देतो) 'ए'चे ५, 'सी'चे ३, 'डी'चा १. म्हणजे 'सी' लागला की दोन गुण गेले. जिंकणाऱ्याचा हिट फॅक्टर ६.७ असेल तर दोन गुणांची किंमत दोन भागिले ६.७, म्हणजे ०.३ सेकंद. 'सी'चा 'ए' करायला तुम्ही ०.३ सेकंदांपेक्षा जास्त थांबलात तर तो तोट्याचा सौदा. उलट मिस झाली तर पाच गेले आणि वर दहाचा दंड, एकूण पंधरा गुण, म्हणजे सव्वादोन सेकंद. तिथे थांबणं परवडतं. लांबच्या, अर्ध्या झाकलेल्या टार्गेटांच्या स्टेजला हिट फॅक्टर ३ पर्यंत उतरतो, तिथे त्याच 'सी'ची किंमत दुप्पट होते. दर स्टेजला हा बाजारभाव बदलतो आणि चांगला खेळाडू स्टेज बघतानाच तो मनात मांडतो. अमेरिकन पिस्तूल-प्रशिक्षक जेफ कूपर आणि मंडळींनी १९७६ साली मिसुरीतल्या कोलंबियात आयपीएससी ही ह्या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली तेव्हा ब्रीदच ठेवलं अचूकता, ताकद आणि वेग. तीनही एका तागडीत. तुम्ही अजून एकाच पारड्यात घालताय.

मग साडेनऊ सेकंद गेले कुठे? तुमचा व्हिडिओ बघून माझा अंदाज असा. एकाच टार्गेटवरच्या दोन गोळ्यांमधला वेळ तुमचा साधारण ०.२८, त्याचा ०.२२ असेल. सोळा टार्गेटं धरली तरी फरक एका सेकंदाचा. नवीन माणूस नेमकं इथेच जास्त मेहनत करतो, कारण धडाधड आवाज काढायला मजा येते. उरलेले साडेआठ सेकंद दोन जागी गेलेत. एक, टार्गेटवरून टार्गेटवर जाताना डॉट स्थिर होण्याची वाट बघण्यात. दोन, एका जागेवरून दुसऱ्या जागेवर पोचल्यावर पाय रोवून, श्वास घेऊन, मग पिस्तूल वर उचलण्यात. व्हिडिओ फ्रेम-फ्रेमने पुढे नेऊन शेवटच्या गोळीपासून पुढच्या जागेवरच्या पहिल्या गोळीपर्यंतचा वेळ मोजा. एकदा मोजलात की स्वतःच कपाळावर हात माराल.

ही सवय कुठून आली ते तुम्हालाही माहीत आहे. ७५ मिनिटांत ६० गोळ्या, दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं. तिथे हात स्थिरावेपर्यंत थांबणं हीच विद्या, आणि बरोबर वाटलं नाही तर हात खाली घेऊन पुन्हा सुरुवात करायची. सात वर्षं नजर माशीवर (नळीच्या टोकावरच्या निशाणावर) ठेवून काळं वर्तुळ धूसर दिसू देण्याचं शिकलात. इथे डॉट असताना बरोबर उलटं आहे. नजर टार्गेटवर, तेही अख्ख्या पुठ्ठ्यावर नाही, 'ए'च्या मधोमध एखाद्या छिद्रावर किंवा टेपच्या तुकड्यावर. डॉट त्यावर तरंगत येतो. डॉटकडे बघितलं की तो हलताना दिसतो, हलताना दिसला की बोट थांबतं, बोट थांबलं की अर्धा सेकंद गेला. ह्यावर एक जुनी युक्ती आहे. डॉटच्या काचेवर पुढच्या बाजूने टेप चिकटवा. दोन्ही डोळे उघडे ठेवलेत तर एका डोळ्याला टार्गेट दिसतं, दुसऱ्याला डॉट, आणि मेंदू दोन्ही जुळवतो. ज्या क्षणी नजर डॉटवर ओढली जाईल त्या क्षणी समोर फक्त टेप दिसेल. दोन आठवडे घरी ड्राय फायर, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाचा सराव, असंच करा. रेंजवरही सात-दहा यार्डांवर करून बघा, गोळ्या कुठे लागतात ते पाहून चकित व्हाल.

बालेवाडीचं सगळं टाकून द्या असं मी म्हणत नाहीये. एअर पिस्तूलवाल्याला मॉनिटरकडे न बघता सांगता येतं, 'नऊ, तीन वाजता'. गोळी सुटताना निशाण कुठे होतं ते डोळ्याने टिपलेलं असतं. ह्याला इथे शॉट कॉल करणं म्हणतात आणि माझ्या ओळखीतले निम्मे 'ए' क्लासवाले ते अजून धड करू शकत नाहीत. त्यांना गोळी कुठे गेली ते टार्गेटवर छिद्र शोधूनच कळतं, आणि छिद्र शोधायला नजर अडकली की वेळ गेला. तुमच्याकडे हे तयार आहे, फक्त 'नऊ, तीन वाजता'च्या जागी 'ए', 'सी' किंवा 'अजून एक मार' एवढंच कळलं पाहिजे. ट्रिगर दाबायला कधी सुरुवात करायची याचं उत्तरही भारतातल्याच दुसऱ्या प्रकारात आहे. २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूलच्या रॅपिड फेरीत टार्गेट तीन सेकंद समोर येतं आणि सात सेकंद जातं, आणि त्या तीन सेकंदांत हात खालून वर आणून एकच गोळी. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या जकार्ता एशियाडमध्ये सुवर्ण घेतलं ते ह्याच प्रकारात. तिथे हात वर येऊन थांबल्यावर दाबायला सुरुवात करणारा मागे पडतो. हात वर येतानाच ट्रिगरची ढील संपलेली असते. तेच इथे, प्रत्येक टार्गेटला.

आता तुमची पहिली गोळी. शॅडो २ला डीकॉकर (हॅमर म्हणजे मागचा घोडा गोळी न सुटता खाली उतरवणारा खटका) नाही आणि आपल्या डिव्हिजनला सुरुवात हॅमर पूर्ण खाली ठेवून करावी लागते. म्हणजे पहिली गोळी डबल ॲक्शन (ट्रिगरनेच हॅमर मागे ओढून सोडायचा; पुढच्या गोळ्यांना हॅमर आधीच मागे असतो, ते सिंगल ॲक्शन), कारखान्यातून आलेल्या पिस्तुलाला साधारण साडेतीन किलोची ओढ. तुमचं बोट ५०० ग्रॅमवर वाढलेलं. सातपट वजन ओढायला बोट एकटं जात नाही, सोबत करंगळी आणि अनामिका आवळतात, आणि उजव्या हाताचं पिस्तूल खाली-डावीकडे झुकतं. म्हणजे ट्रिगर जड आहे हे खरं, पण गोळी चुकते ती मुठीमुळे. खात्री करायची असेल तर मित्राला सांगून मॅगझिनमध्ये मधेमधे दोन-तीन डमी राउंड, म्हणजे न सुटणारी खोटी काडतुसं, भरून घ्या. डमीवर 'खट्' वाजेल तेव्हा पिस्तूल कसं डुबकी मारतं ते दिसेल. सिंगल ॲक्शनच्या गोळ्यांवरही डुबकी असेल, फक्त कमी.

उपाय दोन्ही हातांच्या वाटणीत आहे. एअर पिस्तुलाची लाकडी मूठ हाताला साच्यासारखी बसते, एक हात, शरीर टार्गेटला आडवं, खांदा सैल. ते सगळं विसरून छाती टार्गेटकडे करा. डाव्या हाताची तर्जनी ट्रिगर गार्डला खालून घट्ट टेकलेली, डाव्या तळव्याचा गादीसारखा भाग मुठीवरच्या मोकळ्या जागेत, दोन्ही अंगठे पुढे. जोर डाव्या हाताचा, उजवा हात फक्त पकडण्यापुरता, म्हणजे त्याचं बोट मोकळं राहतं. सांगायला सोपं आहे, मला दोन वर्षं लागली. घरी करायचा सराव: रिकामं पिस्तूल पांढऱ्या भिंतीकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर, फोनवरचा टायमर वाजला की एका झटक्यात पूर्ण ट्रिगर दाबायचा, बीप संपायच्या आत. डॉट हलता कामा नये. आधी सिंगल ॲक्शन, मग डबल. हळू दाबताना डॉट कुणाचाही हलत नाही, तिथे काही शिकायला मिळत नाही. रोज पंधरा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. काडतुसं दुसऱ्या खोलीत, चेंबर दोनदा तपासून, भिंतीमागे माणूस राहत नाही याची खात्री करून. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर हे शेवटचं गंमतीवारी घेऊ नका.

हॅमर खाली उतरवण्याबद्दल एक इशारा. रेंज अधिकाऱ्याने 'मेक रेडी' (तयार व्हा) म्हटल्यावर मॅगझिन भरून, स्लाइड ओढून, अंगठ्याने हॅमर धरून, ट्रिगर दाबून तो सावकाश खाली सोडायचा. घामाने अंगठा घसरला आणि गोळी सुटली तर मॅच तिथेच संपली, डीक्यू, म्हणजे बाद. जॉर्जियाचा जुलै काय आणि टेक्सासचा जुलै काय, हात पुसून घ्या, दुसऱ्या हाताचं बोट हॅमर आणि स्लाइडच्या मध्ये ठेवा, आणि तोंड कायम मातीच्या बांधाकडे.

हे वाचून उत्साहाने दुकानात निघालेल्या बाकीच्यांसाठी दोन ओळी. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगणं सर्वसाधारणपणे बंद आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाकडून समजून घेतल्याशिवाय रेंजवर भाड्याचं पिस्तूलसुद्धा हातात घेऊ नका. आणि भारतात ९ एमएम, म्हणजे आपल्या पिस्तुलाचं काडतूस, सामान्य नागरिकाला प्रतिबंधित बोअर आहे, त्यामुळे सुट्टीत घरी गेल्यावर सराव करू हा विचार सोडा. तिथे एअर पिस्तूलच.

आता पिस्तूल. माझा क्रम असा: आधी मूठ, मग मॅगझिन, मग गोळी, मग रिकॉइल स्प्रिंग, आणि सगळ्यात शेवटी ट्रिगर. माझे हात लहान आहेत. मुठीवरचे जाड पॅनेल काढून पातळ, खरखरीत ॲल्युमिनियमचे लावले तेव्हा डबल ॲक्शनला बोटाचं पेर पूर्ण पोचायला लागलं आणि खाली-डावीकडची अर्धी तक्रार तिथेच मिटली. तुमचंही बोट टोकानेच ट्रिगर ओढत असेल तर हीच गोष्ट आधी करा, स्वस्त आहे. मॅगझिनवर नंबर घाला. अडकणारं पिस्तूल बहुतेक वेळा अडकणारं मॅगझिन असतं, आणि कुठलं ते नंबराशिवाय कधीच कळत नाही. आपल्या डिव्हिजनला मॅगझिनची लांबी १४१.२५ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, बुडाला जोडपट्टी लावलीत तर गेजने मोजून घ्या.

गोळीच्या पॉवर फॅक्टरचं गणित सोपं. गोळीचं वजन ग्रेनमध्ये गुणिले वेग फूट प्रति सेकंदात, भागिले हजार. उत्तर किमान १२५ असलं पाहिजे. १४७ ग्रेनची गोळी ८८५ वेगाने गेली की १३०, १२४ ग्रेनला तेवढ्यासाठी १०५० लागतो. कमी-जास्त वेगाची काडतुसं निघतात, म्हणून मी १३० च्या खाली जात नाही. आकडा सारखा असला तरी हाताला दोन्ही सारख्या लागत नाहीत. जड गोळीचा धक्का सावकाश, ढकलल्यासारखा, हलकीचा टोचल्यासारखा. कोणाला काय आवडेल सांगता येत नाही, पण एकदा ठरवलंत की वर्षभर बदलू नका, कारण डॉटचा झिरो (डॉट आणि गोळी एका ठिकाणी जुळवणं) आणि रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड परत पुढे ढकलणारी) दोन्ही तिच्यावर अवलंबून.

रिकॉइल स्प्रिंग जड असेल तर स्लाइड जोरात बंद होते आणि डॉट जिथून उठला त्याच्याही खाली जाऊन मग वर येतो. फार हलकी असेल तर डॉट वरच रेंगाळतो, आणि पिस्तूल मळलं की स्लाइड पूर्ण बंद व्हायला कुरकुर करते. तुम्हाला हवं ते असं, की डॉट वर जाऊन तुम्ही काहीही न करता जागेवर यावा. हे कॅटलॉग वाचून कळत नाही. दोन-दोन पौंडांच्या फरकाच्या तीन स्प्रिंगा घ्या, सात यार्डांवर सहा गोळ्यांचे पाच-पाच संच मारा (इथे त्याला बिल विल्सनच्या नावावरून बिल ड्रिल म्हणतात), वेळ आणि 'ए' लिहून ठेवा. स्प्रिंग मित्राला बदलायला लावा आणि कुठली घातली ते विचारू नका. मी हे केलं तेव्हा जी स्प्रिंग 'लोण्यासारखी' म्हणून मी लोकांना सांगत फिरायचो, ती तिसरी आली.

ट्रिगरची ओढ कमी करायची म्हणजे मुख्यतः हॅमरची स्प्रिंग हलकी करायची. ओढ कमी होते, पण हॅमरचा फटकाही कमी होतो, आणि तो प्रायमर (काडतुसाच्या बुडातली पेटणारी टिकली) फोडायला पुरला पाहिजे. फेडरलचे प्रायमर मऊ म्हणून प्रसिद्ध आहेत, सीसीआयचे कडक. मी एका वर्षी सापडेल ती सगळ्यात हलकी स्प्रिंग टाकली. घरच्या, मऊ प्रायमरच्या काडतुसांवर तीनशे गोळ्या एकही न चुकता गेल्या. मोठ्या मॅचच्या आदल्या आठवड्यात ती काडतुसं संपली, दुसरी उचलली, तपासायला वेळ नव्हता असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या स्टेजला बीप, ड्रॉ (होल्स्टरमधून पिस्तूल काढणं), आणि 'खट्'. पुन्हा ओढल्यावर सुटली, पण तोवर मी हबकलो होतो. पाचव्या स्टेजला तेच. त्या दिवशी किती सेकंद गेले ते मी मोजले नाहीत. आता एक पायरी जड स्प्रिंग असते आणि मॅचच्याच काडतुसांवर दोनशे गोळ्या न चुकता गेल्याशिवाय ती मॅचला नेत नाही.

सिअर (हॅमर अडवून धरणारा भाग) आणि हॅमरच्या कडा घरी घासायला मात्र जाऊ नका, व्हिडिओ कितीही सोपा वाटला तरी. तिथे केसभर कोन चुकला की एका दाबात दोन गोळ्या सुटू शकतात, किंवा स्लाइड बंद होताना हॅमर खाली येऊ शकतो. हे काम जाणत्या गनस्मिथचं. तुमच्या पिस्तुलाचा सिंगल ॲक्शन आहे तसाच तुमच्या गरजेपेक्षा चांगला आहे.

डॉट मी २५ यार्डांवर टेकून झिरो करतो. तो नळीच्या वर बसलेला असल्याने तीन-चार यार्डांवर गोळी साधारण इंचभर खाली लागते. शेजारी पांढरं नो-शूट, म्हणजे गोळी लागू न द्यायचं टार्गेट, असेल तर हे लक्षात ठेवावं लागतं. डॉटचा उजेड जितका कमी चालेल तितका कमी ठेवा. स्क्रूवर रंगाची रेघ मारा, सैल झाले की रेघ तुटलेली दिसते.

हालचालीवर लिहायला बसलो तर वेगळं उत्तर होईल, पण दोन गोष्टी. पुढच्या जागेच्या दोन पावलं आधीच पिस्तूल डोळ्यांसमोर आलेलं पाहिजे, म्हणजे टार्गेटची कड दिसताक्षणी दाबता येतं. गुडघे वाकलेले, छोटी पावलं. आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याने उजवीकडून डावीकडे पळताना मॅगझिन बदलणं (रीलोड) हा १८० अंशांचा, म्हणजे नळी आडव्या रेषेपलीकडे मागे वळण्याचा, सापळा आहे. रीलोडला नळी आपोआप डावीकडे झुकते, शरीर डावीकडे वळलेलं, म्हणजे नळी मागच्या लोकांकडे. तिथे हात ताणून नळी समोरच्या बांधाकडेच ठेवायची, रीलोड थोडा वाकडा दिसला तरी चालेल.

पुढचे दोन महिने एकच मोजमाप ठेवा, एल प्रेसिदेंते. कूपरचाच जुना ड्रिल. दहा यार्डांवर तीन टार्गेटं, एकेक यार्डाच्या अंतराने. पाठ करून, हात वर. बीपला वळा, ड्रॉ, प्रत्येकी दोन, रीलोड, पुन्हा प्रत्येकी दोन. बारा गोळ्या, साठ गुण. माझा अंदाज, आज तुम्ही ५८ गुण साडेदहा सेकंदांत कराल. साडेसात सेकंदांत ५२ झाले तर ते सुधारणेत धरा, आणि ५२ बघून जीव कासावीस होईल तेव्हा भागाकार करून बघा. बालेवाडीत जशी स्कोअरची वही ठेवत होता तशी पुन्हा काढा, तिच्यात तारीख, वेळ, 'ए'-'सी', काडतुसाचा लॉट, मॅगझिनचा नंबर आणि रिकॉइल स्प्रिंगवर झालेल्या गोळ्या एवढंच लिहा. साठ दिवसांनी वही पाठवा, मग हॅमरच्या स्प्रिंगचं बघू.